फिनलंडातला गोल निळा शिक्का

फिनलंड नावाच्या अख्ख्या देशात माझ्या कागदावर मारता येईल असा एकही गोल शिक्का नाही, हे मला तिथं पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं. आधी कळलं असतं तर मी गेलोच नसतो, असं म्हणणार नाही. गेलो असतोच. ट्युनिशियातल्या आमच्या सफाक्सहून व्यापारशास्त्र शिकायला एका सत्रासाठी युरोपात जायची संधी आमच्या वर्गातल्या चौसष्ट जणांतून दोघांना मिळाली होती, आणि त्यातल्या दुसऱ्याचं ऐन वेळी लग्न ठरलं. शिक्क्याचं ठाऊक असतं तर निदान सामानात एक घालून नेला असता, इतकंच.

तशी आमच्या गल्लीत या प्रवासाबद्दल शंका पहिल्यापासून होती. सफाक्सच्या माणसानं धंदा शिकायला परदेशी जावं, हे कुणाला पटेना. शेजारच्या सी मुन्सिफनी (सी म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत), जे चाळीस वर्षं खिळे आणि बिजागऱ्या विकतायत, कॉफीच्या दुकानात सर्वांदेखत बाबांना विचारलं, "काय हो, पोराला त्या थंडीत कशाला धाडताय? त्यांना शिकवायला का?"

"देवाणघेवाण आहे," बाबा म्हणाले. "आपला एक तिकडे, त्यांचा एक इकडे."

"त्यांचा कोण आलाय?"

कुणीच आलं नव्हतं.

"मग ही नुसती देवाण झाली," सी मुन्सिफ म्हणाले. "पहिल्याच सौद्यात फसलात की!"

बाबांना ते लागलं. पण त्यांनी त्याच दुकानात उभं राहून जाहीर केलं की वज्दी जानेवारीत परत येईल तेव्हा पाचच्या पाच विषयांत पास होऊन येईल. वज्दी म्हणजे मी. ही घोषणा लक्षात ठेवा, कारण पुढे मला तिची दर आठवड्याला फोनवर आठवण करून देण्यात आली.

आता कागदाचं सांगतो. निघण्यापूर्वी मी तिकडे कोणते पाच विषय शिकणार, याचा एक करार झाला होता. त्यावर माझी सही, सफाक्सची सही, फिनलंडची सही, सगळं यथासांग. मी योएनसू गावी पोचलो तर पहिल्याच दिवशी कळलं की हिशेबशास्त्राचा वर्ग रद्द झालाय. कारण तो शिकवणारे गृहस्थ बाळंतपणाच्या रजेवर गेले होते. होय, गृहस्थच. त्याऐवजी मला 'उद्योजकता' नावाचा विषय मिळाला. मला तर आनंदच झाला. हिशेब काय, सफाक्सला दूधपिती पोरंही करतात. उद्योजकता हा शब्द ऐकूनच अंगात वारं शिरलं होतं. फक्त विषय बदलला म्हणून करारही बदलायचा होता. तिथल्या कार्यालयानं चार मिनिटांत बदललेला करार संगणकावर सही करून दिला आणि मी तो सफाक्सला धाडला.

आमच्या संस्थेच्या परीक्षा विभागात, खोली क्रमांक सातमध्ये, मादाम नजीबा बसतात. त्यांचं उत्तर आलं: "शिक्का? गोल. निळा."

मी नम्रपणे कळवलं की इकडे संगणकीय सही चालते, शेजारी दुवा दिलाय, तो दाबला की खरेपणा तपासता येतो. उत्तर आलं: "दुव्याला शाई नसते. मूळ प्रत, सही, गोल शिक्का. जानेवारीत हातात घेऊन ये. नाहीतर सत्र धरलं जाणार नाही."

सत्र धरलं गेलं नाही की वर्ष गेलं. म्हणजे फिनलंडहून परत आलेला वज्दी कम्मून मागच्या वर्गातल्या पोरांबरोबर त्याच बाकावर बसणार, आणि बाबांना कॉफी प्यायला दुसऱ्या गल्लीत जावं लागणार.

मी लगेच हिल्का सोर्मुनेन यांच्याकडे गेलो. या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाच्या प्रमुख. कार्यालय म्हणजे त्या, एक संगणक आणि एक कुंडी. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, पायात लोकरी मोजे. मी त्यांना 'मादाम हिल्का' म्हणायचो आणि त्या दर वेळी "नुसतं हिल्का पुरे" म्हणायच्या. ते माझ्याच्यानं झालं नाही. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची म्हणजे जीभ जड होते.

"मादाम हिल्का, फक्त एक शिक्का हवा होता."

"आमच्याकडे शिक्का नाही."

"लहान असला तरी चालेल."

"लहानही नाही."

"मोठ्या साहेबांकडे असेल."

"नाही. मी इथं अकरा वर्षं आहे. शिक्का पाहिलेला नाही." मग म्हणाल्या, "सही आहे ना? मग शिक्का काय करतो?"

आता इथं माझी चूक झाली आणि ती सफाक्सचाच माणूस करू शकतो. आमच्याकडे 'नाही' म्हटलं की बोलणं संपत नाही, तिथून सुरू होतं. कापडवाला 'नाही परवडत' म्हणत खुर्ची पुढे सरकवतो. नगरपालिकेतला कारकून 'आज होणार नाही' म्हणतो तेव्हा तो तुमच्या घरच्यांची खुशाली विचारली जाण्याची वाट बघत असतो. हिल्काबाईंनी तीन वेळा 'नाही' म्हटलं तेव्हा मी मनात म्हटलं, वा! बाई चांगल्याच मुरलेल्या आहेत. शिक्का आहे, खालच्या खणात आहे आणि माझी पारख चाललीय. मी त्यांच्या आईची तब्येत विचारली. त्या म्हणाल्या, "ती वारली." मी निघालो.

फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रिकाम्या हातानं गेला असशील!"

"अगं, कार्यालय आहे ते."

"कार्यालयातल्या बाईला स्वयंपाकघर नसतं का? मी डबाभर तेल कशाला दिलंय? डोक्याला लावायला?"

मागून मामाचा आवाज आला, "त्याला म्हणावं, एकदम डबा देऊ नकोस. आधी बाटली दे."

मी आमच्या झाडांचं तेल एका स्वच्छ बाटलीत भरलं, मानेला लाल फीत बांधली आणि दुसऱ्या दिवशी ती हिल्काबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"आमच्या घरचं ऑलिव्हचं तेल."

"का?"

भेट दिल्यावर 'का' असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "असंच."

"असंच," असं म्हणत त्यांनी काहीतरी टंकायला घेतलं. "सरकारी नोकराला भेट घेता येत नाही. पण परत दिली तर तुला वाईट वाटेल. म्हणून मी ती विद्यापीठाच्या वतीनं घेते आणि नोंद करते."

ती नोंद दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर झळकली. तिथं सगळंच उघड असतं, लपवण्यासारखं त्यांच्याकडे काही नसावं. "आलेली भेट: ऑलिव्ह तेल, एक बाटली. देणारा: वज्दी कम्मून, व्यापारशास्त्र, ट्युनिशिया. कारण: असंच. ठेवण्याची जागा: दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. सर्वांनी वापरावं." सर्वांनी वापरलं. जेवणघरात अनोळखी प्राध्यापक माझ्याकडे पाहून गंभीरपणे मान डोलवू लागले. आमच्या खानदानात आजवर कुणी लाच देताना पकडलं गेलं नव्हतं. मी पकडलो गेलो, ते नावगावासकट, आणि शिक्काही मिळाला नाही.

हे दुःख मी वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात मांडलं. ते आम्ही तिघं वापरायचो. एक तामता, जॉर्जियाच्या कुतैसी गावची, विपणन शिकणारी आणि दिवसभर बोलणारी. दुसरा वेइक्का, उत्तरेकडच्या खेड्यातला फिनिश मुलगा, आमच्याच वर्गात, पण दोन आठवड्यांत तो जे बोलला होता ते मी बोटांवर मोजून दाखवू शकलो असतो. वेइक्काची तुइस्कू नावाची एक केसाळ कुत्री होती. तीही भुंकत नसे.

"अंडं!" तामता ओरडली. "उकडायचं, सोलायचं, गरम गरम जुन्या शिक्क्यावर लोळवायचं आणि नव्या कागदावर उमटवायचं. माझ्या काकांनी असं करून दोन पदव्या घेतल्या."

"काका आता काय करतात?"

"ते सांगत नाहीत."

मी म्हटलं, खोटेपणा मला चालणार नाही. लाचेचा प्रकार ताजा होता, त्यामुळे मला हे वाक्य नीट उच्चारता आलं. तामता म्हणाली, मग खरा शोध. एवढं मोठं गाव आहे, कुणाकडे तरी असेलच.

मी शोधला. वाचनालयात शिक्का होता, पण चौकोनी, आणि त्यावर 'परत करण्याची तारीख' असं होतं. टपालाची खिडकी किराणा दुकानात होती, तिथली मुलगी चिकटपट्टीवर छापलेला कागद लावायची. मी विचारलं, पूर्वी गोल शिक्का मारायचे ना? ती म्हणाली, आजी सांगते तसं. चर्चच्या कचेरीत खरोखरचा गोल शिक्का होता! मी इतका हरखलो की तिथल्या गृहस्थांनी मला बसायला सांगितलं. पण तो फक्त बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधीच्या दाखल्यांवर मारतात. तिन्हींपैकी काही करायचंय का, असं त्यांनी सौम्यपणे विचारलं. मी विचार करून कळवतो म्हणालो.

मग एके दुपारी वेइक्कानं न बोलता एक निळं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. तुइस्कूचं पारपत्र. उघडलं तर आत, रेबीजच्या लशीच्या रकान्यात, गोल, निळा, ठसठशीत शिक्का! गुरांच्या डॉक्टरांचा! असा देखणा शिक्का मी सफाक्सलाही पाहिला नव्हता. कडेनं अक्षरं, मधे नक्षी. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. त्या देशात माझ्यापेक्षा कुत्रीचे कागद पक्के होते, हे मला मुकाट्यानं कबूल करावं लागलं.

"डॉक्टर ओळखीचे आहेत?" तामतानं विचारलं.

वेइक्कानं होकारार्थी मान हलवली.

"मग वज्दीच्या कागदावर मारतील?"

वेइक्कानं विचार केला. "लस घ्यावी लागेल," तो म्हणाला.

आणि इथून उद्योजकतेचा संबंध येतो. हा विषय आम्हाला हार्युला नावाचे प्राध्यापक शिकवत. लाकूडतोड्यासारखे उंच, आणि वर्गात शिरताच कॉफीचा पेला खिडकीत ठेवून विसरणारे. त्यांनी नियम सांगितला: तिघांचा गट करा, सहा आठवड्यांत एक छोटा खरा उद्योग उभा करा. कल्पना नको, आराखडा नको, गिऱ्हाईक पाहिजे. "ज्याला खरोखर काहीतरी दुखतंय असा माणूस शोधा," ते म्हणाले. "आणि तो तुमच्या फार दूर नसतो."

मी, तामता आणि वेइक्का असा गट झाला. तामताला जॉर्जियन वाइनची चॉकलेटं काढायची होती. मी सफाक्सचं डोकं लावून खजुराचं सरबत, साबण, गालिचे असं बरंच काही सुचवलं. पण दर वेळी बोलता बोलता माझी गाडी शिक्क्यावर यायची. मादाम नजीबा काय म्हणाल्या, बाबा काय म्हणाले, जानेवारी कसा जवळ येतोय. एकदा असंच माझं बोलणं पंधरा मिनिटं चाललं. मी दमून थांबलो. वेइक्का खिडकीबाहेर बघत होता. मग त्यानं तोंड उघडलं.

"बनवू या."

"काय बनवू या?"

"शिक्का."

मी कानांवर हात ठेवले. "अरे बाबा, सरकारी शिक्का बनवला तर आमच्याकडे तुरुंगात घालतात!"

"आपण नाही," वेइक्का म्हणाला. मला वाटतं त्याच्या आयुष्यातलं ते सर्वात लांब भाषण होतं. "हिल्काला विचारू. तिनं मागवला तर तो तिचाच. तिचा म्हणजे खरा."

तामता खुर्चीवर उभी राहिली. ती म्हणाली, तिच्याही कागदाला शिक्का लागतोय, वरच्या मजल्यावरच्या व्हिएतनामी मुलीलाही, मोरोक्कोच्या दोघांनाही, आणि कुणीच बोलत नाहीये कारण प्रत्येकाला वाटतंय आपल्याच देशाला वेड लागलंय. मी मोजायला लागलो. अठ्ठावीस जण निघाले! प्राध्यापक म्हणाले होते तसं दुखणारं गिऱ्हाईक, तेही एका छपराखाली! मी इतका उत्साहात आलो की मी वेइक्काला मिठी मारली. त्यानं ती सहन केली.

हिल्काबाईंनी आमचं सगळं ऐकलं. "शिक्का ठेवायला कायद्यानं बंदी नाही," त्या म्हणाल्या. "कारण त्याला कायद्यात काही किंमतच नाही. मी बैठकीत मांडते." बैठक अकरा मिनिटं चालली आणि मंजुरी मिळाली. मी गहिवरून घरी फोन केला. मामा म्हणाला, "अकरा मिनिटांत झालं? मग यात काहीतरी काळंबेरं आहे."

मामाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. प्रसिद्धी विभागाचं पत्र आलं: विद्यापीठाचं चिन्ह गोलात बसवता येत नाही, तिरपं करता येत नाही, आणि ते हिरवं आहे. मी कळवलं, मादाम नजीबांना निळा लागतो. त्यांनी विचारलं, मादाम नजीबा कोण, त्या आमच्या कुठल्या समितीवर आहेत? शेवटी चिन्ह गाळून नुसतं विद्यापीठाचं नाव गोलात लिहायचं ठरलं. बाजारात बुटांच्या टाचा लावणारा आणि किल्ल्या बनवणारा एक म्हातारा होता, तो शिक्केही करायचा. त्यानं नमुना बघून विचारलं, "गोल कशाला? चौकोनात जास्त मावतं." मी म्हटलं, आजोबा, गोलच पाहिजे. गोल म्हणजे सरकार. त्यानं मान डोलवून काम सुरू केलं.

शिक्का आला त्या दिवशी हिल्काबाईंच्या खोलीत आम्ही तिघं, हार्युला सर आणि तुइस्कू इतके जण होतो. बाईंनी शिक्का शाईच्या गादीवर अलगद टेकवला, मग कोऱ्या कागदावर अलगद टेकवला आणि उचलून पाहिलं. अर्धा चंद्र उमटला होता.

"असं नव्हे, मादाम हिल्का," मी म्हणालो. "मारायचा असतो तो."

"जोरात?"

"रागानं. समोरच्या माणसानं सकाळपासून तुमचं डोकं खाल्लंय असं समजा."

"पण तू तर नीट वागतोयस."

"मग दुसरं कुणी आठवा."

त्यांनी डोळे मिटले. कोण आठवलं देव जाणे, पण हात वर गेला आणि असा दणका बसला की कुंडीतली माती सांडली. कागदावर पूर्ण, गोल, निळा चंद्र उगवला होता. हिल्काबाईंच्या गालांवर लाली आली. "आणखी एक मारते," त्या म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी कोऱ्या कागदांवर चाळीस शिक्के मारले. पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

पुढच्या आठवड्यात दारासमोर रांग लागली. अठ्ठावीस परदेशी तर होतेच, पण फिनिश मुलंही आली. कुणाला वसतिगृहाच्या पावतीवर हवा, कुणाला आजीला पाठवायच्या पत्रावर. रांग लागली म्हणून वेळ ठरली, मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते बारा. वेळ ठरली म्हणून पाटी आली. शिक्का हरवू नये म्हणून खणाला कुलूप आलं, कुलपाची किल्ली कुणाकडे याची वही आली, आणि एका गुरुवारी बारा वाजून दोन मिनिटांनी मी गेलो तर बाई म्हणाल्या, "वेळ संपली. मंगळवारी ये." मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. उद्योजकतेत आमच्या गटाला सर्वात वरची श्रेणी मिळाली. हार्युला सरांनी शेरा दिला: "या गटानं जिथं गरजच नव्हती तिथं गरज निर्माण केली. हाच व्यापार."

माझा स्वतःचा कागद मात्र मी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. डिसेंबरात निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पाचही विषयांचे गुण लागल्यावर, मी तो हिल्काबाईंपुढे ठेवला. त्यांनी शाईची सही केली. शिक्का मारला, असा की मादाम नजीबांनी पाहताच उठून उभं राहावं. आणि मग त्यांनी पुन्हा पेन उचललं आणि शिक्क्याखाली बारीक अक्षरात फिनिशमध्ये एक ओळ लिहायला घेतली.

"हे काय लिहिताय?"

"एक खुलासा. 'आमच्या या शिक्क्याला काहीही अर्थ नाही.'"

"मादाम हिल्का! का?"

"कारण ते खरं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे बघ, शिक्का पाहून कुणाला वाटेल की यानं कागद जास्त खरा झाला. मग मी फसवल्यासारखं होईल. मी सगळ्यांच्याच कागदावर लिहिते."

खरंच, तामताच्याही कागदावर ती ओळ होती. तामता म्हणाली होती, आमच्याकडे शिक्क्याखाली काहीतरी लिहिलेलं असलं की जास्तच अधिकृत वाटतं. मी हिल्काबाईंशी घासाघीस करायला तोंड उघडलं आणि मिटलं. ही बाई 'नाही' म्हणते तेव्हा 'नाही'च असतं, एवढं मी चार महिन्यांत शिकलो होतो. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाल्या, "तेल फार चांगलं होतं." मी पहिल्यांदाच म्हणालो, "येतो, हिल्का."

जानेवारीत मी आणि बाबा खोली क्रमांक सातसमोर उभे होतो. बाबा ईदचा कोट घालून आले होते. मी त्यांना रस्त्यात त्या ओळीबद्दल सांगितलं होतं आणि ते म्हणाले होते, "सफाक्समध्ये फिनिश कोण वाचतंय? गप्प राहा."

मादाम नजीबांच्या टेबलावर शिक्क्यांचं फिरतं झाड होतं, त्यावर सात शिक्के लटकत होते. त्यांनी माझा कागद घेतला. उजेडात धरला. उलटा करून पाहिला. बोट जिभेला लावून शिक्क्याच्या कडेवरून फिरवलं. शाई किंचित पसरली.

"खरा आहे," त्या म्हणाल्या. "पाहिलंस? म्हणे त्यांच्याकडे नसतो! मागितला की निघतो." त्यांचा हात शिक्क्यांच्या झाडाकडे गेला आणि मधेच थांबला. "हे खाली काय लिहिलंय?"

"शुभेच्छा असतील, मादाम," बाबा चटकन म्हणाले.

"तुम्हाला विचारलं नाही, सी कम्मून. पोरा, तू होतास ना तिथं? काय लिहिलंय?"

बाबा खोकले. त्यांचा खोकला मी लहानपणापासून ओळखतो. नुसतं 'शुभेच्छा' म्हटलं की झालं असतं. माझं वर्ष, बाबांची कॉफी, पाचच्या पाच विषय, सगळं त्या एका शब्दावर होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या बाई आल्या. बाटलीभर तेलाची नोंद करणाऱ्या, अठ्ठावीस कागदांवर अठ्ठावीस वेळा स्वतःच्या हातानं तेच वाक्य लिहिणाऱ्या. त्यांच्या सहीखाली मला खोटं बोलवेना.

"लिहिलंय, 'आमच्या या शिक्क्याला काहीही अर्थ नाही,'" मी म्हणालो.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला सुरुवात केली. पूर्वीचा मी असतो तर ती शांतता भरून काढायला दहा गोष्टी बोललो असतो. आता मी नुसता उभा राहिलो.

मादाम नजीबांनी चष्मा काढला. "हे त्या बाईनं लिहिलं? स्वतःच्या सहीखाली?"

"हो."

"आणि तिची नोकरी?"

"आहे की. मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते बारा शिक्काही मारते."

"सव्वीस वर्षं झाली मला या खुर्चीत," मादाम नजीबा म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मग त्यांनी झाडावरचा सर्वात मोठा शिक्का उचलला आणि हिल्काबाईंच्या शिक्क्याशेजारी असा हाणला की बाबा दचकले. पेन घेऊन त्याखाली काहीतरी खरडलं, कागदावर फुंकर मारली आणि माझ्या हातात दिला. "सत्र धरलं. पाचही विषय. आता याच्या दोन प्रती काढ, नगरपालिकेतून खऱ्या करून आण, गोल शिक्का मारून. बारा वाजता खिडकी बंद होते. पळ!"

आम्ही जिन्यापर्यंत धावतच आलो. तिथं बाबा धापा टाकत थांबले. "काय लिहिलं रे तिनं? माझा चष्मा घरी राहिलाय."

मी कागद पाहिला. दोन निळे गोल शेजारी शेजारी. एकाखाली हिल्काबाईंची फिनिश ओळ आणि दुसऱ्याखाली, घाईघाईत, अरबीत, एकच शब्द.

"'आमच्याही,'" मी वाचलं.

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले, मला आधी वाटलं रडतायत. हसत होते. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "नगरपालिकेतल्या त्या खिडकीवरच्या माणसाला अरबी वाचता येतं ना?"

"येत असणारच."

"मग चल लवकर," बाबा कोटाची बटणं लावत म्हणाले. "त्यालाही काहीतरी लिहायचं असेल."